फोड शिळा होण्याआधी निघा

पत्र

नमस्कार डॉक्टर ताई,

मी सेलू तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. पत्र आईसाठी लिहितोय. तिचं वय ५७. दीड वर्षापूर्वी तिच्या मनगटांवर आणि नडग्यांवर जांभळट, चपटे, खूप खाजणारे डाग आले. परभणीच्या चामडीच्या डॉक्टरांनी ‘लायकेन प्लॅनस’ सांगितलं, मलम दिलं, बरंच कमी झालं. पण दसऱ्यानंतर त्याच डागांवर पाण्याचे फोड यायला लागले. आधी दोन-चार, मग पायभर. आता मांडीवर आणि पोटावर, जिथं डाग नव्हतेच तिथंही टम्म फोड आहेत. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून दोनदा कमरेत इंजेक्शन दिलं. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा येतात. मावशी म्हणते बिब्बा उतलाय, शेजारी म्हणतात नागीण आहे, आणि एकानं तर भानामतीचं नाव काढलं. आईनं त्याचा धसका घेतलाय. ओसरीत एकटी झोपते, ताट-तांब्या वेगळा केलाय, तीन वर्षांच्या नातवाला जवळ येऊ देत नाही. सोबत फोटो पाठवतोय. फोटो पाहून हे नेमकं काय आहे ते सांगाल का?

ता. क. आईला शुगर नाही. बीपीची गोळी पोळ्याच्या सुमारास सुरू झाली, पाकिटावर रामिप्रिल लिहिलंय. जेवताना तोंडात झोंबतं म्हणते, पण ते उष्णतेनं असेल.

उत्तर

गुरुजी,

सगळ्यात आधी नातवाचं. हे पत्र वाचून झालं की त्याला उचला आणि आजीच्या मांडीवर नेऊन बसवा. तुमच्या आईंचे डाग आणि फोड मी फोटोत नीट पाहिले. ज्या दोन-तीन आजारांची मला शंका येते, त्यातला एकही शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं किंवा फोडातलं पाणी लागल्यानं दुसऱ्याला होत नाही. हे जंतूंचे आजार नाहीत. स्वतःच्याच शरीराची संरक्षणव्यवस्था कातडीवर उलटते, तेव्हा ते होतात. ताट वेगळं करायचं कारण नाही, ओसरीत झोपायचंही नाही. फक्त लेकरानं फोडावर पाय देऊ नये, आजींना दुखेल म्हणून.

भानामतीबद्दल एवढंच सांगते की आईंना दोष देऊ नका. दोन-दोन महिने अंगावर फोड येत राहिले, डॉक्टरांनाही नाव सांगता येईना, की माणूस नाव शोधायला कुठंही जातो. त्यांना नाव मिळवून द्या, धसका आपोआप उतरेल.

ते नाव मी फोटोवरून सांगू शकत नाही. परभणीच्या डॉक्टरांनाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही, आणि तो त्यांचा कमीपणा नव्हे. ही वाट सूक्ष्मदर्शकाखालूनच जाते. ती नीट कशी चालायची, हे आज सविस्तर लिहिते, कारण या वाटेवर एक छोटी चूक झाली तरी सगळी खटपट वाया जाते.

घरच्यांच्या शंका आधी बाजूला करू. बिब्बा मराठवाड्यात घरोघरी असतो, म्हणून मावशींची शंका अगदीच चुकीची नाही. पण बिब्बा उततो तो लागल्यापासून दिवस-दोन दिवसांत, जिथं तेल लागलं वा ओघळलं तिथंच, आणि बऱ्याचदा मध्ये काळा डाग ठेवून. नव्यानं न लावता तो दोन महिने नवीन जागी फोड आणत नाही. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येते, आधी ठणका लागतो आणि साधारण दोन-चार आठवड्यांत खपल्या धरते. तुमच्या आईंचे फोड दोन्ही पायांवर आहेत, दोन महिने चालू आहेत आणि ठणक्यापेक्षा खाज जास्त आहे. ही नागीण नाही. मंत्रानं उतरवायला कुणाकडं नेलं असेल तर ते आता थांबवा.

आता लायकेन प्लॅनस. इंग्लंडमधल्या इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ साली या आजाराचं वर्णन केलं. जांभळट, चपट्या, चकाकणाऱ्या पुटकुळ्या, खाज प्रचंड, मनगटाची आतली बाजू, नडग्या आणि तोंड या त्याच्या आवडत्या जागा. डागावर खोबरेल तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं की वर पांढऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. त्या जाळीला पॅरिसच्या विकम यांचं नाव आहे. त्यांनी ती १८९५ मध्ये नोंदवली. परभणीच्या डॉक्टरांनी बहुधा तीच पाहून निदान केलं, आणि मला ते बरोबर वाटतं. हा आजार तसा नेहमी दिसणारा आहे. बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत कातडीवरून ओसरतो, मागे काळपट डाग ठेवून जातो. फोड मात्र त्यात क्वचितच येतात. म्हणून गावातल्या डॉक्टरांना ॲलर्जी वाटली, याचं मला नवल नाही.

लायकेन असलेल्या माणसाला पाण्याचे फोड आले, की दोन गोष्टी मनात येतात. पहिली ‘बुलस लायकेन प्लॅनस’, म्हणजे लायकेनच इतका जोरात की डागावरच फोड उठतो. दुसरी ‘लायकेन प्लॅनस पेम्फिगॉइडिस’. फोडांसह येणाऱ्या अशा लायकेनची नोंद व्हिएन्नाच्या कापोसी यांनी १८९२ मध्ये केली होती, म्हणजे आजार जुना आहे, पण दुर्मीळ आहे. दोन्हींतला फरक समजायला आईंची गोधडी समोर ठेवा. आपल्या कातडीचे दोन पदर असतात, वरचा पातळ, खालचा जाड, आणि दोन्ही एकमेकांना बारीक टाक्यांनी शिवलेले. बुलस लायकेनमध्ये टाक्याजवळचं कापडच विरतं. पांढऱ्या पेशींची गर्दी वरच्या पदराच्या तळाच्या रांगेवर तुटून पडते, ती रांग ढासळते आणि त्या फटीत पाणी साचतं. दुसऱ्या प्रकारात कापड विरतंच, पण त्यामुळं टाके उघडे पडतात आणि शरीर त्या टाक्यांनाच परकं समजायला लागतं. त्यातल्या एका प्रथिनाचं नाव बीपी-१८० (रक्तदाबाच्या बीपीशी याचा संबंध नाही). त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, रक्तातून अंगभर फिरतात, आणि मग जिथं कधी डाग नव्हता तिथलेही टाके उसवतात.

म्हणूनच ‘जिथं डाग नव्हतेच तिथंही’ हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. फोड फक्त जुन्या डागांवर असते, तर पहिल्या प्रकाराकडं कल गेला असता. चांगल्या कातडीवर टम्म फोड येतात, तेव्हा माझं मन दुसऱ्या प्रकाराकडं झुकतं. पण कल म्हणजे निदान नव्हे, आणि या दोघांचे उपचार, मुदत आणि पुढची तपासणी वेगवेगळी आहे.

पत्रातल्या दोन मोलाच्या गोष्टी तुम्ही ताजा कलमात ढकलल्यात. गोळी आणि तोंड.

रामिप्रिल ही चांगली गोळी आहे, लाखो लोक घेतात. पण ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्यांनंतर (रामिप्रिल, एनालाप्रिल, कॅप्टोप्रिल) लायकेन प्लॅनस पेम्फिगॉइडिस झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पोळ्याला गोळी सुरू, दसऱ्यानंतर फोड. हा योगायोगही असू शकतो, पण डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवा. म्हणून रिकामं पाकीट जपून ठेवा आणि सोबत न्या. आणि गुरुजी, हात जोडून सांगते, गोळी स्वतःहून बंद करू नका. बीपी वाढून अर्धांगवायूचा झटका आला तर फोडांची चिंता लहान वाटेल. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना भेटा, कातडीच्या डॉक्टरांना ही शंका आहे असं सांगा, आणि दुसऱ्या गटातली गोळी देता येईल का विचारा. बदल एका दिवसाचं काम आहे, पण तो त्यांनीच करायचा. बदलल्यावरही फोड लगेच थांबतील असं नाही, आठवडे लागतात.

तोंडाचं उष्णतेवर ढकलू नका. आज संध्याकाळी आईंना उजेडात बसवा, मोबाईलची बॅटरी लावा आणि गालाची आतली बाजू, हिरड्या, जीभ बघा. पांढऱ्या दोऱ्यांची जाळी दिसली तर तो लायकेनच. लाल, सोललेले पट्टे किंवा फुटलेले फोड दिसले तर मात्र घाई करा. आपल्याकडं पेम्फिगस नावाचा आजार फोडांच्या आजारांत जास्त आढळतो, तो बऱ्याचदा तोंडातूनच सुरू होतो आणि उशीर झाला तर जिवावर बेततो. त्यातले फोड मऊ, लुळे असतात, बोट लागलं तरी फुटतात. फोटोत तुमच्या आईंचे फोड टम्म आहेत, याचा मला दिलासा आहे. पण तपासणीत पेम्फिगस नाही हे सिद्ध व्हायला हवं.

आता मुख्य काम. बायोप्सी.

हा शब्द ऐकला की लोक कर्करोग समजतात. आईंना आधीच सांगून ठेवा, तसं काही नाही. जागा बधिर करायला बारीक सुईनं इंजेक्शन देतात, तेवढं टोचतं. मग पेन्सिलीएवढ्या नळीसारख्या पात्यानं सुमारे ४ मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. एखादा टाका घालतात. पायावरची जखम सावकाश भरते, म्हणून तिथला टाका दहा-चौदा दिवसांनी काढतात. आईंना त्याच दिवशी घरी येता येतं.

पण तुकडे दोन हवेत. इथं चूक होते. माझ्याही हातून झाली आहे. मी शिकत असताना कापूस वेचणीच्या दिवसांत एक आजोबा आले होते, अंगभर फोड. मी दोन्ही तुकडे घेतले आणि दोन्ही फॉर्मेलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रावणाच्या, बाटलीत टाकले. चार दिवसांनी आमच्या मॅडमनी बाटली हातात धरून विचारलं, ‘आता दुसरी तपासणी कशावर करायची?’ आजोबांना निरोप पाठवून परत बोलावावं लागलं, पुन्हा टोचावं लागलं. त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, फक्त रोजंदारी बुडाली एवढं म्हणाले. ते मला अजून आठवतं. म्हणून हे तुम्हाला इतक्या बारकाईनं सांगते आहे.

पहिला तुकडा नव्या, लहान फोडाचा, कडेच्या कातडीसकट. तो फॉर्मेलिनमध्ये जातो. त्यात फोड कुठल्या पदरात पडला आणि लायकेनच्या खुणा आहेत का, ते कळतं. फोड चोवीस तासांच्या आतला असेल तर उत्तम. शिळा झाला की तळाला नवीन कातडी धरायला लागते, आणि मग पाहणाऱ्याला तो वेगळ्याच जागी पडल्यासारखा दिसतो.

दुसरा तुकडा फोडाचा नाही, फोडाच्या अगदी शेजारच्या, साबूत दिसणाऱ्या कातडीचा. फोडातच घेतला तर शोधायचं आहे तेच तिथं नष्ट झालेलं असतं. हा तुकडा फॉर्मेलिनमध्ये चुकूनही जाता कामा नये. त्याला मिशेल्स मिडियम नावाचं द्रावण लागतं. ते नसलं आणि तुकडा चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचणार असला, तर साध्या सलाईनमध्येही नेता येतो. या तपासणीला डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात, डॉक्टर नुसतं ‘डीआयएफ’ म्हणतात. तुकड्यावर चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं सोडतात आणि अंधाऱ्या खोलीत खास सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. टाक्यांवर हल्ला झाला असेल, तर दोन पदरांच्या मध्ये हिरवी, अखंड, सरळ रेघ उजळते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ डोळा काढला नव्हता. रात्री लांबून दिसणाऱ्या रेल्वेच्या डब्यांच्या उजेडासारखी ती रेघ होती. ती दिसली तर लायकेन प्लॅनस पेम्फिगॉइडिस. बुलस लायकेनमध्ये अशी सलग रेघ येत नाही. तिथं फार तर मेलेल्या पेशींचे चमकते गोळे आणि फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाचा फाटका, विस्कटलेला पट्टा दिसतो. पेम्फिगस असला तर रेघेऐवजी पेशींभोवती मासे धरायच्या जाळीसारखी जाळी दिसते. तीन आजारांची तीन वेगळी चित्रं आहेत, आणि हे कातडीवरून कुणालाही वाचता येत नाही.

सोबत रक्तातही बीपी-१८० विरुद्धची प्रतिपिंडं मोजता येतात. हिपॅटायटिस बी आणि सी याही तपासण्या सांगतील. लायकेनशी त्यांचं नातं आहे, आणि पुढं गोळ्या द्यायच्या तर त्या लागतातच.

तुम्ही घरी एक काम करा, शिक्षकाला ते सहज जमेल. रोज सकाळी आईंचे पाय, मांड्या, पोट पाहा. कालपर्यंत नव्हता असा फोड दिसला की त्याच्याभोवती पेननं गोल करा, शेजारी तारीख लिहा. डॉक्टरांपुढं पाय ठेवला की ताजा कुठला, शिळा कुठला हे शोधत बसावं लागणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी काढलेले गोल सगळ्यांत मोलाचे. ते फोड तोपर्यंत कुणाला फोडू देऊ नका.

कुठं जायचं? सेलूहून रेल्वेनं नांदेडही गाठता येतं आणि छत्रपती संभाजीनगरही. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, संभाजीनगरला घाटीचं शासकीय रुग्णालय, दोन्हीकडं त्वचारोग विभाग आहे. आधी परभणीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, त्यात ‘बायोप्सी आणि डीआयएफ’ असं लिहून मागा. डीआयएफ तिथंच होतं की तुकडा बाहेरच्या शहरात पाठवावा लागतो, हे जाण्याआधी फोनवर विचारा. म्हणून सोमवार किंवा मंगळवार गाठा. शनिवारी काढलेला तुकडा रविवारभर पडून राहतो, आणि ज्याला वेळेत पोहोचायचं आहे त्याचं नुकसान होतं. खर्चाची अडचण आली तर केसपेपर घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तोवर कमरेतलं ते इंजेक्शन पुन्हा घेऊ नका. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा येतं, यावरून ते स्टेरॉइडचं असावं. स्टेरॉइड वाईट नाही, निदान झाल्यावर कदाचित आईंना तेच द्यावं लागेल, पण तेव्हा मोजून, शुगर-बीपी तपासत आणि हळूहळू कमी करत. निदानाआधी असं मध्येच दिलं की फोड दबतात, चित्र पुसट होतं, आणि थांबवलं की आजार जोरात उसळतो. दिलेल्या डॉक्टरांकडून इंजेक्शनचं नाव आणि तारीख लिहून मात्र आणा. बाजारातल्या बिननावाच्या पुड्याही घेऊ नका, त्यात काय मिसळलंय कुणाला ठाऊक.

फोडांची निगा साधी ठेवा. वरची पापडी सोलू नका, तीच सगळ्यांत चांगली पट्टी आहे. मोठा फोड ताणून दुखत असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरकडून निर्जंतुक सुईनं पाणी काढून घ्या, पापडी तशीच बसू द्या. फुटलेल्या जागी पांढरं व्हॅसलिन लावून मऊ सुती कापड. चिकटत असेल तर केळीचं कोवळं पान स्वच्छ धुऊन, उकळून थंड करून ठेवा. भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डातही ते वापरतात, जखमेला चिकटत नाही आणि काढताना जीव जात नाही. हळद, चुना, टूथपेस्ट, बिब्ब्याचं तेल, बाटलीतलं कडक जंतुनाशक यातलं काही नको. अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं असू द्या.

ताप आला, फोडांना वास येऊ लागला, डोळे लाल होऊन चिकटू लागले, तोंडामुळं पाणीही गिळवेना, किंवा कातडी हात लावताच सरकू लागली, तर सोमवारची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी करा.

उपचारांचं फार आधी बोलत नाही. जोरकस स्टेरॉइड मलम, गरज पडली तर पोटातून स्टेरॉइड, काहींना डॅप्सोन. डॅप्सोनचं नाव निघालं तर ती सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी नावाची रक्ततपासणी झाली आहे का, एवढं विचारा, कारण ज्यांच्यात ते एन्झाइम कमी असतं त्यांचं रक्त त्या गोळीनं झपाट्यानं उतरतं. लायकेन प्लॅनस पेम्फिगॉइडिस निघालं तरी घाबरू नका. म्हातारपणी होणाऱ्या मोठ्या फोडांच्या आजारापेक्षा तो बहुधा सौम्य चालतो आणि औषधाला चांगली दाद देतो.

रिपोर्ट हातात पडला की त्यात ‘आयजीजी’ (एक प्रतिपिंड) आणि ‘सी-३’ (संरक्षणव्यवस्थेतलं एक प्रथिन) असे दोन शब्द शोधा. त्यांच्यापुढं जे लिहिलं असेल, ते जसंच्या तसं मला कळवा. आणि नातू आजीजवळ झोपला का, तेही.